आठवीतच तपासा मुलांची रंगदृष्टी

मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, कोल्हापूर यांस



आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही हायस्कुलात आठवीच्या वर्गावर जाऊन उभं राहावं. बाकांवर तीस-पस्तीस मुलगे असतील, तर त्यांतल्या एकाला तरी लाल आणि हिरव्यातला फरक इतरांसारखा दिसत नसण्याची दाट शक्यता आहे. त्याला स्वतःला ते माहीत नसतं. त्याच्या आईवडिलांना नसतं, वर्गशिक्षकांनाही नसतं. हे पत्र त्या मुलासाठी आहे. मागणी एकच आहे: जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत आठवीच्या सगळ्या मुलामुलींची रंगदृष्टीची चाचणी व्हावी आणि निकाल पालकांच्या हाती पडावा.

हा दोष दुर्मिळ आहे असं पुष्कळांना वाटतं. तो दुर्मिळ नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास आहे, स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का. भारतात ठिकठिकाणच्या शाळांत झालेल्या पाहण्यांत मुलग्यांमधलं प्रमाण यापेक्षा कमी, साधारण तीन-चार टक्के निघतं. समाजागणिक आणि भागागणिक ते कमीजास्त होतं. तीन टक्के धरले तरी हजार मुलग्यांच्या शाळेत तीस जण झाले. एवढ्या मुलांना ताप आला असता तर शाळेने आरोग्य केंद्राला फोन केला असता.

किशोरवयात हा दोष वाढत नाही. तो जन्मापासून असतो आणि जन्मभर तेवढाच राहतो. पण त्याचा फटका बसायला सुरुवात होते ती याच वयात, कारण रंग ओळखण्यावर गुण, प्रवेश आणि नोकरी अवलंबून राहू लागतात ती इथूनच.

मला स्वतःला हा दोष आहे, म्हणून आतून कसं दिसतं ते सांगतो. जग काळंपांढरं दिसतं ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. निळा आणि पिवळा मला स्वच्छ दिसतात. घोटाळा होतो तो लाल, हिरवा, तपकिरी आणि नारिंगी या रंगांत, त्यातही ते फिके किंवा मळकट असले की. जांभळा आणि निळा मला एकच वाटतात. चैत्रात जोतिबाचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो, तेव्हा तो गुलाल माझ्या डोळ्यांना निळसर करडा दिसतो. मे महिन्यात फुललेला गुलमोहर लांबून मला नुसतं एक झाड दिसतं. खाली सडा पडलेला पाहिला की कळतं, फुलला आहे. क्रिकेटचा लाल चेंडू गवतात गेला की तो थांबेपर्यंत मला सापडत नाही, आणि शाळकरी वयात क्षेत्ररक्षणाला मला कायम यष्टीजवळ उभं करत. चार्जरवरचा दिवा लाल आहे की हिरवा हे मला आजही शेजारच्याला विचारावं लागतं. चौकातल्या सिग्नलची अडचण येत नाही, कारण वरचा कुठला आणि खालचा कुठला हे ठाऊक असतं.

असं का होतं, तेही थोडक्यात. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांतल्या लाल आणि हिरव्या भागासाठी लागणाऱ्या दोन पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेली आहेत. तिथे गडबड झाली की हा दोष येतो. मुलीकडे दोन एक्स असतात. एक बिघडलेला असला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलाकडे एकच, आणि तो आईकडूनच आलेला. त्यामुळे हा दोष बापाकडून मुलाकडे जात नाही. तो आजोबांकडून लेकीत लपून नातवाकडे येतो, किंवा मामाला असतो आणि भाच्यात दिसतो. आई स्वतः सगळे रंग नीट ओळखते, चाचणीतही उत्तीर्ण होते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडची जुनी रीत. मुलगा रंगांध आणि मामाही रंगांध असेल, तर मामाच्या प्रत्येक मुलीकडे हा दोष सुप्तपणे असतोच. त्या दोघांचं लग्न झालं तर त्यांच्या मुलग्यांप्रमाणे मुलींनाही रंगांधत्व येण्याची शक्यता निम्मी. म्हणून चाचणी फक्त मुलग्यांची घेऊन चालणार नाही. मुलींमध्ये प्रमाण कमी आहे, पण जी सापडेल तिलाही पुढे नोकरी आणि प्रवेश आहेतच. आणि आणखी एक विनंती: निकाल सांगताना ‘आईकडून आलं’ एवढंच वाक्य घरी पोहोचू देऊ नये. आपल्या घरांत त्या वाक्याचं काय होतं ते आपणही जाणता. यात आईने काही केलेलं नसतं. गरोदरपणातलं ग्रहण, खाणंपिणं, औषधं यांचा याच्याशी संबंध नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे भरती.

या जिल्ह्याला सैन्यभरतीची मोठी परंपरा आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावातच सैनिक आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवर पहाटे रस्त्याने धावणारी पोरं आपल्यालाही दिसत असतील. दहावी झाली की सोळाशे मीटरची वेळ, छाती किती फुगते, पुलअप्स किती लागतात, हेच त्यांचं जगणं होतं. ज्यांना परवडतं ते अकॅडमीत राहतात. ज्यांना परवडत नाही त्यांचे बाप ऊसबिलातून किंवा म्हैस विकून ते परवडवतात. पुढे लेखी निघते, मैदान निघतं, आणि मग येतं मेडिकल. तिथे डॉक्टर ठिपक्यांचं एक पुस्तक उघडतात.

माझ्या भाच्याचं असंच झालं. पोरगा पळण्यात पहिल्या गटात आला होता. पुस्तकातल्या एका पानावर बाकीच्यांना 74 दिसत होतं. त्याने ठामपणे 21 सांगितलं, कारण त्याला तेच दिसत होतं. दुसऱ्या पानावर 29 च्या जागी 70. बाहेर आला तेव्हा त्याला वाटत होतं की नजरेचा नंबर वाढला असेल, चष्मा लावून पुढच्या भरतीला येता येईल. चष्म्याचा आणि याचा काही संबंध नाही, हे त्याला गावी परतल्यावर कळलं. लग्नात साड्यांचे रंग चुकीचे सांगतो म्हणून माझी थट्टा व्हायची, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पण मामाचा दोष भाच्यात येऊ शकतो हे गणित घरात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि शाळेची सगळी वर्षं संपेपर्यंत त्याच्यापुढे ते पुस्तक कोणी धरलं नव्हतं. त्या मेडिकलला अनफिट झालेला तो एकटाच नव्हता.

नियम चुकीचे आहेत असं माझं म्हणणं नाही. लाल-हिरव्या दिव्यांवर जिथे माणसांचे जीव अवलंबून असतात, तिथे तपासणी हवीच. 1875 मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर फ्रिथिऑफ होल्मग्रेन या शास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांची चाचणी सुरू केली, आणि तिथून ही प्रथा जगभर गेली. आपल्या रेल्वेत लोको पायलट ए-वन श्रेणीत येतो, त्याला रंगदृष्टी निर्दोष लागते; कार्यालयीन कामाच्या श्रेणींना ती अट नाही. सैन्यातही दर्जे आहेत. वैमानिकाला लागतो तो वेगळा, जवानाला लागतो तो वेगळा. म्हणजे ‘रंगांध’ हा शिक्का मारून विषय संपत नाही. दोष सौम्य आहे की तीव्र, लाल बाजूचा आहे की हिरव्या बाजूचा, यावर कुठली दारं उघडी आणि कुठली बंद ते ठरतं. हे चौदाव्या वर्षी कळलं तर मुलगा त्याप्रमाणे रस्ता निवडेल. विसाव्या वर्षी कळलं तर तोवर घातलेली वर्षं आणि पैसे पाण्यात गेलेले असतात.

या अज्ञानावर धंदाही उभा राहिला आहे. भरतीच्या तयारीतली मुलं मोबाइलवरून पानांची उत्तरं पाठ करतात. पण सैन्यात आणि रेल्वेत कंदिलाची चाचणीही असते, तिथे अंधारात लहानसा रंगीत दिवा दाखवून रंग विचारतात. पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही. रंगीत भिंगांचे महागडे चष्मे विकले जातात. काही रंगांमधला फरक ते थोडा उठावदार करतात, पण दोष जात नाही आणि मेडिकलला ते चालत नाहीत. हमखास इलाजाच्या जाहिरातीही दिसतात. जन्मजात रंगांधत्वावर आज इलाज नाही. 2009 मध्ये अमेरिकेत माकडांवर जनुकोपचाराचा प्रयोग यशस्वी झाला, पण माणसासाठी असा उपचार अजून दवाखान्यात उपलब्ध नाही. पालकांना हे शाळेकडून अधिकृतपणे कळलं, तर त्यांचे पैसे वाचतील.

शाळेच्या चार भिंतींतही या मुलाची अडचण रोजची आहे. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. शिक्षक मात्र महत्त्वाचं म्हणून तेवढंच लाल खडूने लिहितात. भूगोलाच्या नकाशात जंगल हिरवं आणि डोंगर तपकिरी. विज्ञानाच्या तासाला वैश्विक दर्शकाचा रंग पट्टीशी जुळवून सामू सांगायचा असतो, त्यातला लाल-नारिंगी-पिवळा-हिरवा हा टापू त्याच्यासाठी सगळा धूसर. बारावीला अनुमापनात फिकट गुलाबी रंग नेमका कधी आला ते त्याला उशिरा कळतं, तोपर्यंत ब्युरेट पुढे गेलेलं असतं. आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायला गेला तर हिरवी अर्थिंगची वायर आणि लाल फेजची वायर यांत चूक होणं हा जिवाशी खेळ.

आणि रेखाकला परीक्षा. आठवी ते दहावीतली हजारो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात, इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्याचा हात उत्तम चालतो पण झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवून ठेवतो, अशा मुलाला निष्काळजी ठरवलं जातं. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात असं व्हावं याचं मला विशेष वाईट वाटतं. कलाशिक्षकाला दोष माहीत असेल तर रंगाच्या ट्यूबवर नाव लिहून ठेवणं, पॅलेटवर रंगांची जागा कायम तीच ठेवणं एवढ्याने काम भागतं.

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा खटला या संदर्भात मुद्दाम सांगतो. आशुतोष कुमार या विद्यार्थ्याची 2015 मध्ये तिथल्या संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झाली आणि वैद्यकीय तपासणीत रंगांध निघाल्याने प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये निकाल दिला की रंगांध विद्यार्थ्यांना चित्रपटाच्या अभ्यासक्रमांची दारं बंद करता येणार नाहीत. चित्रपट ही अनेकांनी मिळून करायची कला आहे, एकाची उणीव दुसरा भरून काढू शकतो. निकाल चांगला लागला, पण मधली वर्षं कोण परत देणार? त्याआधी 2017 मध्ये त्रिपुरातल्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात याच न्यायालयाने एमबीबीएसचा प्रवेश खुला केला होता. 2023 मध्ये तमिळनाडूच्या वीज कंपनीत सहायक अभियंता म्हणून निवडल्या गेलेल्या रंगांध उमेदवाराला योग्य ते काम देऊन सामावून घ्या, असा आदेश झाला. वाहन परवान्याचा नियमही केंद्राने जून 2020 मध्ये बदलला. सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना आता परवाना मिळतो. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत रंगांधत्व नाही. त्यामुळे या मुलाला सवलत नाही, आरक्षण नाही, आणि सगळ्या ठिकाणी निर्दोषही धरलं जात नाही. तो मधल्यामध्ये लटकतो. त्याच्या हाती एकच गोष्ट देता येते: वेळेवर माहिती.

चाचणी अवघड नाही. तोक्योच्या शिनोबू इशिहारा या नेत्रतज्ज्ञाने सैन्यभरतीसाठी बनवलेले ठिपक्यांचे तक्ते 1917 मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही तेच जगभर वापरले जातात. त्याच 1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. महाराजांनी मूल शाळेत आणून बसवलं, आणि नाही पाठवलं तर पालकाला दंड ठेवला. त्या शाळेत बसलेल्या मुलाला फळ्यावरचं काय दिसतं, हे पाहणं शंभर वर्षांनंतर तरी आपल्याला जमायला हवं.

तक्त्यांचं पहिलं पान सगळ्यांना वाचता येतं, त्यावर 12 असतात. तिथेही चुकणारं मूल बहुधा घाबरलेलं असतं किंवा त्याची नजरच अधू असते. पुढच्या पानांवर निर्दोष डोळ्याला 8 दिसतात तिथे रंगांध डोळ्याला 3 दिसतात. काही पानं अशी की ती फक्त रंगांधालाच वाचता येतात. पुस्तक दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, पाऊण मीटरवर धरायचं. एका पानाला तीन सेकंद. पानांना बोट लावू द्यायचं नाही, घामाने रंग बिघडतात. काम झालं की पुस्तक मिटून ठेवायचं, उघडं राहिलं की रंग उडतात. झेरॉक्स चालत नाही आणि मोबाइलवर दाखवणंही चालत नाही, पडद्यावर रंग बदलतात. एका मुलाला दोन मिनिटं पुरतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत येतात, हे मला माहीत आहे. त्यांच्या आजारांच्या यादीत दृष्टिदोष आहे, रंगांधत्व नाही. डॉक्टर, वाहन, शाळेची वेळ, रजिस्टर ही सगळी व्यवस्था आधीपासून आहे. त्यात फक्त हे पुस्तक घालायचं आहे. जिल्ह्यात बारा तालुके. तालुक्याला पाच पुस्तकं दिली तर साठ पुस्तकांत काम होतं, आणि ती नीट वापरली तर वर्षानुवर्षं टिकतात.

शिक्षकांवर आधीच शाळाबाह्य कामांचा डोंगर आहे, हा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. म्हणून शिक्षकांनी निदान करावं असं मी म्हणत नाही. त्यांनी पान दाखवावं, उत्तर लिहावं, आणि जो अडखळेल त्याचं नाव पथकाच्या डॉक्टरांकडे द्यावं. नक्की काय आणि किती आहे ते सीपीआर रुग्णालयाच्या नेत्र विभागात ठरेल. दुसरा आक्षेप चिडवण्याचा. मुलं चिडवतात, हे मी अनुभवलं आहे. ‘हा कुठला रंग सांग’ हा खेळ मधल्या सुट्टीभर चालतो. यासाठी चाचणी एकेकाला वेगळ्या खोलीत बोलावून घ्यावी, निकाल वर्गात वाचू नये, बंद पाकिटात पालकांकडे द्यावा आणि त्या वर्गाच्या शिक्षकांना तेवढा कळवावा.

पाकिटातल्या कागदावर काय असावं, याचाही विचार केला आहे. दोष कोणता, तो वाढणार नाही, इलाजाच्या नादी लागू नका, आणि लोको पायलट, वैमानिक, सैन्य, पोलीस यांसारख्या वाटांकडे जाण्याआधी त्या त्या भरतीचा वैद्यकीय नियम वाचा, एवढं साध्या मराठीत. सोबत उघड्या वाटाही: वकिली, शिक्षकी, बँक, लेखापरीक्षण, संगणक, वैद्यकीय शिक्षण. दुसऱ्या बाजूला शिक्षकांसाठी सूचना: लाल खडू टाळा, आलेखात रंगासोबत रेघोट्या आणि ठिपके वापरा, रंगपेटीवर नावं लिहा.

एक गोष्ट क्रीडा विभागाकडेही पोहोचवावी. 2018 च्या फुटबॉल विश्वचषकाचा सलामीचा सामना रशिया लालमध्ये आणि सौदी अरेबिया हिरव्यामध्ये असा झाला, आणि जगभरच्या रंगांध प्रेक्षकांना दोन संघ वेगळे ओळखता आले नाहीत. विश्वचषकात चौकाचौकांत कटआउट लावणाऱ्या आपल्या शहरात शाहू स्टेडियमवर खेळणारी पोरं असंख्य आहेत. शालेय स्पर्धांत लाल विरुद्ध हिरवा असा सामना लागला तर एका संघाला पांढरी बनियन द्यावी, एवढंच.

सगळ्या जिल्ह्यात एकदम जमणार नसेल तर येत्या सत्रात शिरोळ आणि गडहिंग्लज या दोन तालुक्यांपासून सुरुवात करावी, कारण भरतीला उतरणाऱ्या मुलांची तिथे कमतरता नाही. पुस्तकांचा खर्च जिल्हा नियोजनातून निघत नसेल तर माजी सैनिकांच्या संघटना आणि तालमी हात वर करतील याची मला खात्री आहे. मी स्वतः त्यांच्याकडे जायला तयार आहे. आणि एखाद्या शाळेत चाचणीनंतर रंगांध निघालेल्या मुलाशी बोलायला कोणी हवं असेल, तर मला बोलवावं. भाचाही येईल. तो आता गडहिंग्लजला बँकेच्या परीक्षांची तयारी करतो आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहतो. कळावे,

आपला,
एक मामा
शिवाजी पेठ, कोल्हापूर